वडिलांना १२ वर्षांपासून मधुमेह आहे, पण ईसीजी नॉर्मल आला. हृदयाचा धोका नाही असं समजावं का?

नाही, तसं समजू नका. झोपवून काढलेला ईसीजी ही फक्त त्या घडीची नोंद असते, रक्तवाहिनीत मोठा अडथळा असूनही तो साफ येऊ शकतो. मधुमेहात मज्जातंतूंची संवेदना कमी होऊ शकते, त्यामुळे छातीत कळ न येता नुसता जिना चढताना दम लागतो आणि घरचे ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात. धोक्याचा अंदाज रक्तदाब, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल), एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी), तंबाखू आणि घराण्यातला हृदयविकार यांवरून येतो. लघवीतल्या अल्ब्युमिनची (एक प्रथिन) साधी तपासणीही नक्की करा, ती बऱ्याचदा राहून जाते. चाळिशी उलटली असेल तर स्टॅटिनबद्दल (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) डॉक्टरांना स्वतःहून विचारा. त्रास काहीच नसेल तर सरसकट स्ट्रेस टेस्ट (हृदयावर ताण देऊन केलेली तपासणी) किंवा अँजिओग्राफीच्या (हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी) मागे लागू नका: अमेरिका-कॅनडातल्या ‘डायड’ अभ्यासात (२००९) लक्षणं नसलेल्या टाइप २ रुग्णांची हृदयचाचणी करूनही हार्ट अटॅक आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू लक्षणीय घटले नाहीत. मात्र दम नव्याने लागू लागला असेल तर हे लागू नाही, लवकर हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि जबडा किंवा हात दुखून दरदरून घाम फुटला, तर थेट इस्पितळ गाठा.