कुलूप लावण्याआधी

भाऊ, चार महिने पोराकडे पुण्याला चालला आहेस, तर आधी विमा कंपनीला लेखी कळव. आगीच्या पॉलिसीत बहुधा अट असते, घर ३० दिवसांहून जास्त रिकामं राहणार असेल तर मंजुरी घ्यायची. ते राहिलं की क्लेम अडतो.

२०२१ पासूनची भारत गृह रक्षा पॉलिसी आग, वीज पडणं, वादळ, पूर धरते. चोरी मात्र अशा नुकसानीनंतरच्या ७ दिवसांतलीच. घरफोडीचं कव्हर वेगळं घे.

उधईनं, म्हणजे वाळवीनं, खाल्लेल्याचे पैसे मिळत नाहीत. आमच्या माजघराच्या सागवानी चौकटीला परतल्यावर बोट लावलं, तर नुसता भुसा गळला. फार जीव तुटला बाप्पा! मृगाआधी छपराचे कवेलू फेरून घे, अन् किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेव.