३८ टक्के दिसतात आणि लॅपटॉप बंद पडतो

प्रश्न : माझा लॅपटॉप साडेचार वर्षांचा आहे. मी घरून भाषांतराचं काम करते, त्यामुळे तो दिवसभर टेबलावर असतो आणि चार्जर कायम लावलेला. पूर्वी वीज गेली तरी तीन तास काम चालायचं. आता पाऊण तासात बंद पडतो, तोही ३८ टक्के शिल्लक दिसत असताना. व्हिडिओ कॉल सुरू केला तर त्याच्याही आधी. ओळखीतल्या एकांनी सांगितलं, की रोज बॅटरी शून्यापर्यंत उतरवून पूर्ण भरली की ती सुधारते. महिनाभर तसं केलं, फरक पडला नाही. माझ्याच वापराने बिघडली का? आता बदलावी, की आधी काही करून बघावं?

उत्तर : शून्यापर्यंत उतरवणं आजपासून बंद करा. हा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातला. लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली बाजारात आली, तिला अर्धवट चार्जची 'सवय' लागत नाही. उलट पूर्ण रिकामी होण्याने तिच्यावर ताण येतो. टक्क्यांचा आकडा भरकटला असेल, तर एकदा पूर्ण भरून-उतरवून तो ताळ्यावर येतो, एवढाच त्याचा उपयोग. गेलेली क्षमता त्याने परत येत नाही.

दुसरी गोष्ट, वाचून झाल्याबरोबर करायची. लॅपटॉप मिटून सपाट टेबलावर ठेवा. डुगडुगतो का? टचपॅड वर आल्यासारखा किंवा दाबायला कडक झालाय का? खालचं झाकण कडेला उचललं गेलंय का? यातलं काहीही असेल तर बॅटरी फुगलेली असू शकते; चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा आणि तो दुरुस्तीला द्या. एकदा माझ्याकडे फक्त 'टचपॅड दाबला जात नाही' या तक्रारीसाठी एक लॅपटॉप आला होता. खालचं झाकण काढलं तर आतली बॅटरी उशीसारखी टम्म. घरातलं पोर रोज तो लॅपटॉप मांडीवर घेऊन अभ्यास करत होतं. तेव्हापासून तक्रार कुठलीही असो, मी आधी लॅपटॉप टेबलावर ठेवून बघतो. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची तर मुळीच नाही.

तुमच्या पत्रानंतर मी बॅटरीचा अहवाल मागवला, तो तुम्ही लगेच पाठवलात. इतर वाचकांसाठी सांगतो : विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी', मग एक मोकळी जागा, तिरकी रेघ आणि तिला जोडून 'बॅटरीरिपोर्ट' असं इंग्रजी अक्षरांत (powercfg /batteryreport) टाइप केलं, की एक फाइल तयार होते आणि ती कुठे ठेवली तेही तिथेच दिसतं. मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमधल्या बॅटरी या भागात तिची तब्येत दिसते.

तुमच्या अहवालात मूळ क्षमता ४८,००० मिलीवॉट-तास आहे आणि आज पूर्ण भरल्यावर २०,६४०. म्हणजे ४३ टक्के. पडद्यावरचे १०० टक्के हे या उरलेल्या ४३ चे १०० आहेत, हे लक्षात घेतलं की अर्धं कोडं सुटतं. त्यातही ३८ वर बंद पडतो, म्हणजे २०,६४० मधले ६२ टक्केच वापरता येतात : हाती येते जेमतेम १३,००० मिलीवॉट-तास वीज.

३८ वर का? तुमच्या बॅटरीत सेल एकापुढे एक साखळीत जोडलेले आहेत. पूर्ण भरलेल्या सेलचा विद्युत दाब (व्होल्टेज) साधारण ४.२ व्होल्ट असतो. तो ३ व्होल्टच्या आसपास उतरला की संरक्षक सर्किट वीज तोडतं. सेल म्हातारा झाला की त्याचा आतला रोध वाढतो आणि जास्त वीज मागितली की दाब एकदम खाली बसतो. साखळीतला एक सेल बसला, की बाकीच्यांत वीज असूनही सगळं बंद. व्हिडिओ कॉलवर आधी बंद पडण्याचं कारण हेच. तुम्ही पत्रात तो तपशील लिहिलात, त्याने निदान पक्कं झालं.

आता तुमचा खरा प्रश्न. अहवालात चार्ज-चक्रं (पूर्ण बॅटरीइतकी वीज वापरून झाली की एक चक्र) फक्त २१२ आहेत. वापरून झिजायला हा आकडा फार लहान आहे. तुमची बॅटरी झिजली ती भरलेल्या अवस्थेत, चालू लॅपटॉपच्या उबेत, साडेचार वर्षं बसून. पूर्ण भरलेल्या आणि गरम सेलमध्ये आतल्या ग्रॅफाइटच्या टोकावर (इलेक्ट्रोडवर) बसलेला थर जाड होत जातो आणि वापरात येणारं लिथियम त्यात अडकून पडतं. कामाचा लॅपटॉप चार्जरला लावून ठेवणं यात तुमचं काही चुकलं नाही. चार्ज ८० टक्क्यांवर थांबवायची सोय बऱ्याच लॅपटॉपमध्ये असते, ती कोणी तुम्हाला दाखवायला हवी होती.

तेव्हा बॅटरी बदला. सेटिंग बदलून किंवा ड्रायव्हर पुन्हा टाकून हे ४३ टक्के वाढणार नाहीत. नवी घेताना जुन्या बॅटरीवरचा पार्ट नंबर आणि व्होल्टेज जुळवा आणि उत्पादनाची तारीख आवर्जून बघा. पडून राहिलेली बॅटरीही म्हातारी होते. बसवल्यावर अहवाल पुन्हा काढा : दोन्ही क्षमता जवळपास सारख्या आणि चक्रं शून्याच्या आसपास हवीत. तरीही एक दिवस घड्याळ लावून बघाच, कारण नकली बॅटरी आकडेही खोटे सांगू शकते. मग पहिल्याच दिवशी ८० ची मर्यादा लावा. जुनी कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या.

प्रश्न : चार्जर रात्रभर लावला तरी लॅपटॉप ६० टक्क्यांच्या पुढे जात नाही. 'जोडलेला आहे, चार्ज होत नाही' असं दिसतं. बॅटरी गेली का?

उत्तर : बहुधा नाही. नेमक्या एकाच आकड्यावर अडकते, याचा अर्थ वर सांगितलेली मर्यादा तुमच्याकडे लागलेली असावी. काही लॅपटॉपमध्ये ती ८० ऐवजी ६० असते. कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये बॅटरी संवर्धन अशा नावाने ती सापडेल. घरी असाल तेव्हा तशीच राहू द्या. प्रवासाच्या आदल्या रात्री काढा आणि परत आल्यावर आठवणीने लावा.