"आपणहून जातो," असं तू लिहिलंस

प्रिय माई,
आम्ही तासगाव तालुक्यातले. धाकट्या भावाला खुनाच्या केसमध्ये जन्मठेप झाली होती. 11 वर्षं आत काढल्यावर गेल्या फेब्रुवारीत हायकोर्टाने त्याला निर्दोष सोडलं. साक्षीदाराला त्या अंधारात त्याचा चेहरा दिसणं शक्यच नव्हतं, असं निकालात आहे म्हणे. मी दागिने मोडून वकील दिला, तुरुंगातली एकही मुलाखत चुकवली नाही. तो आत असतानाच आई-दादा गेले, म्हणून आता आमच्याकडेच असतो. मुलीचं लग्न जमवतोय. मामाचं कळल्यावर दोन स्थळं मागे सरली. येत्या रविवारी पलूसचे पाहुणे येणार आहेत. भावाचा घरात काही त्रास नाही, पाहुणे आले की तो आपणहून बेदाण्याच्या शेडवर जाऊन बसतो. तरी गाव बोलायचं ते बोलतंच. लग्न होईपर्यंत त्याला इचलकरंजीला मावसभावाकडे यंत्रमागावर कामाला ठेवू, असं मालक म्हणतात. त्याचं मन न दुखवता हे कसं सांगू? आणि सरकारकडून काही भरपाई मिळते का?
– एक बहीण

बाई गं,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच शब्दाशी अडकले. "आपणहून."

कुणी आपणहून शेडवर जाऊन बसत नाही. पहिल्यांदा पाहुणे आले तो दिवस आठव. कुणीतरी चहाचे कप मोजले असतील आणि एक कमी मांडला असेल. तू त्याच्याकडे नुसतं बघितलं असशील, बोलली काहीच नसशील. ज्याने 11 वर्षं गिनतीला उभं राहायचं, सांगितलं की उठायचं, सांगितलं की बराकीत जायचं एवढंच केलंय, त्याला बोलून सांगावं लागत नाही. नजर पुरते. तो उठला, पायात चपला सरकवल्या आणि मागच्या दाराने गेला. तुला हायसं वाटलं. ते त्याने पाहिलं. म्हणून पुढच्या वेळी तू बघायच्या आधीच तो उठला, आणि तू मला लिहिलंस, आपणहून.

तू दागिने मोडलेस, तुरुंगाच्या दारात उन्हातान्हात उभी राहिलीस. ते मोठं आहे, कुणी नाकारणार नाही. पण त्यासाठी आज तुझी पाठ थोपटायला मी बसलेली नाही. कारण तू सोडवून आणलेला माणूस आज तुझ्याच मळ्यात, बेदाण्याच्या रिकाम्या रॅकमध्ये, पाहुण्यांची गाडी कधी जाते याची वाट बघत बसतो. इचलकरंजीचं म्हणशील तर तुरुंगात त्याला बदली म्हणतात. एका जेलमधून दुसऱ्या जेलला. कैद्याला कोण विचारतं?

तुझ्याच जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानाच्या काळापासूनची खुली वसाहत. ज्यांचा गुन्हा शाबीत झालाय, असे शिक्षा भोगणारे कैदी तिथे बायकापोरांसोबत राहतात, शेती करतात. आठ-नऊ दशकांपूर्वी आपल्याच मुलखातल्या माणसांना वाटलं की गुन्हेगाराला सुद्धा घर पाहिजे. आणि ज्याने गुन्हा केलाच नाही, त्याला तुमच्या सोप्यात सतरंजीवर जागा नाही.

दुसरा शब्द "म्हणे". निकालात असं आहे म्हणे! ज्या कागदासाठी अंगावरचं सोनं गेलं, तो तू वाचलेला नाहीस. इंग्रजीत आहे, कळत नाही, पिशवीत घालून कपाटात ठेवलाय, असंच असणार. तू वाचला नसशील तर तुझ्या मालकांनीही नाही, तुझ्या लेकीनेही नाही. मग गावाला "पुराव्याअभावी सुटला" म्हणायला कितीसा वेळ लागतो? घरातलं कुणी छातीठोकपणे "त्याने केलं नाही" म्हणत नाही, तोवर गाव का म्हणेल? वकिलाकडून किंवा गावातल्या एखाद्या शिक्षकाकडून त्या साक्षीदाराबद्दलचे परिच्छेद मराठीत उतरवून घे. शनिवारपर्यंत होण्यासारखं काम आहे.

तुझ्या लेकीला काय वाटतं, याचंही पत्रात एक अक्षर नाही. बोहल्यावर उभी राहणार ती. भटजी हाक मारतील, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." तेव्हा इचलकरंजीहून कोण येणार आहे?

भरपाईचं आधी सांगते, नाहीतर राहून जाईल. चुकीने तुरुंगात काढलेल्या वर्षांचे पैसे हक्काने मिळतील, असा कायदा आपल्याकडे अजून झालेला नाही. तसा करा, असं विधी आयोगाने 2018 मध्ये 277 व्या अहवालात सरकारला सुचवलं होतं. पण वाट अगदीच बंद नाही. आपल्याच राज्यातल्या भटक्या जमातीच्या सहा मजुरांची केस वकिलाला विचार. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या सहाही जणांना फाशी ठरवली होती, आणि त्याच न्यायालयाने 5 मार्च 2019 रोजी सहाही जणांना निर्दोष सोडलं. तोवर 16 वर्षं गेली होती. राज्य सरकारने प्रत्येकाला 5 लाख रुपये द्यावेत, असा आदेशही त्याच निकालात आहे. तुझ्या भावालाही उच्च न्यायालयात याचिका करून मागता येईल. त्यासाठी मुंबई गाठायला नको, 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय आणि सांगली जिल्हा त्यात येतो. मिळेलच, असं मी म्हणणार नाही. ते न्यायालयाच्या हातात आहे.

ज्यांनी जाणूनबुजून खोटं नाव गोवलं त्यांच्यावर दिवाणी दावा लावायचा असेल, तर त्याची मुदत निर्दोष ठरल्यापासून एकच वर्षाची असते. फेब्रुवारीत निकाल लागला म्हणतेस, म्हणजे पुढच्या फेब्रुवारीच्या आत. निकालाची सही-शिक्क्याची नक्कल घेऊन दोघं सांगलीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. उत्पन्न कमी असलेल्याला तिथे वकील फुकट मिळतो. 15100 वर फोन करूनही विचारता येतं. दोघं म्हणाले मी. तू एकटी जाऊ नकोस. 11 वर्षं त्याच्या वतीने सगळीकडे तूच गेलीस. आता अर्जावर सही त्याची आणि खुर्चीत साहेबासमोर बसायचं त्याने.

पण पैशाची वाट बघत रविवार थांबणार नाही.

पलूसचे पाहुणे येतील तेव्हा तुझा भाऊ सोप्यात बसलेला असेल. कोपऱ्यात नाही, तुझ्या मालकांच्या शेजारी. चहा-पोह्यांच्या आधी, मुलगी बाहेर यायच्या आधी, तू स्वतः बोलायचंस. मालक नाहीत, मध्यस्थ तर अजिबात नाही. "हा माझा धाकटा भाऊ, मुलीचा मामा. खोट्या केसमध्ये 11 वर्षं आत होता. हायकोर्टाने निर्दोष ठरवलंय, हा निकाल." कागद त्यांच्यापुढे ठेवायचा आणि गप्प बसायचं. आवाज कापला तर कापू दे.

स्थळ जाईल, अशी भीती आहे तुला. जाईलही. मागची दोन त्याला लपवूनच गेली ना? बाहेरून कळलं म्हणून गेली. लपवून जमवलेल्या घरात तुझ्या लेकीला आयुष्यभर मामाचं नाव दबक्या आवाजात घ्यावं लागेल. ते ओझं तिच्या डोक्यावर देऊ नकोस.

तुझ्या मालकांना माझा एक निरोप सांग. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली आहे, बागेत माणसं मिळत नाहीत आणि घरचा माणूस मागावर पाठवताय? आत जायच्या आधी तो काय करत होता, हेही तू लिहिलं नाहीस. केसचं सगळं लिहिलंस, त्याचं काहीच नाही. छाटणीची कात्री त्याच्या हातात दे आणि मजुरांना मिळते तीच हजेरी त्यालाही रोख दे. 11 वर्षांत स्वतःच्या खिशातून त्याने चहासुद्धा प्यायलेला नाही.

शनिवारी रात्री त्याला नुसतं "बस हं उद्या" म्हणू नकोस. तो हो म्हणेल आणि गाडीचा आवाज आला की उठेल, कारण त्याला अजून तुझी नजर आठवते. त्याला सगळं खरं सांग. मला लाज वाटली होती आणि तुला ते दिसलं, असं म्हण. माफी माग. फार कठीण जाईल, मला ठाऊक आहे. भावाच्या तोंडाकडे बघून बोल.

बाजारातून त्याच्या मापाचा एक नवा शर्ट आण, मालकांचा जुना देऊ नकोस. आणि रविवारी सकाळी शेडला कुलूप लाव, किल्ली तुझ्या कमरेला असू दे.

– माई