पाटल्या तारण ठेवण्याआधी वर्षाचा पूर्ण हिशेब मांडा

सप्रेम नमस्कार. आपण खानापूर तालुक्यातून लिहिता की, इलेक्ट्रिशियन ट्रेडचा दोन वर्षांचा आयटीआय केलेल्या आपल्या मुलाची हुबळीच्या रेल्वे कारखान्यात विद्युत देखभालीच्या एक वर्षाच्या अप्रेंटिसशिपसाठी निवड झाली आहे, तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत त्याला महिना 14,000 रुपयांचे काम मिळत आहे. हुबळीचा महिन्याचा खर्च 8,500 आणि विद्यावेतन 7,000, म्हणून वर्षाच्या 18,000 रुपयांच्या तुटीसाठी वहिनींच्या पाटल्या तारण ठेवाव्यात का, असे आपण विचारता.

खरी तूट याहून मोठी आहे. उद्यमबागेतील पगारातून तो घरी 9,000 देणार होता. तेही आता येणार नाहीत, म्हणजे घराच्या दृष्टीने फरक महिन्याला 10,500 चा आणि वर्षाला 1,26,000 चा पडतो. त्या 9,000 वर धाकटीची फी किंवा भिशीचा हप्ता धरला असेल, तर ती सोय आधी दुसरीकडून करावी.

'पोरगा रेल्वेत लागला' असे मात्र अजून कुणाला सांगू नये. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने प्रशिक्षणानंतर नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही. लेव्हल 1 च्या, म्हणजे सर्वांत खालच्या वेतनश्रेणीच्या, भरतीत रेल्वेत प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांसाठी 20 टक्के जागा राखीव असतात, पण त्यासाठीही संगणकावरील परीक्षेत पात्र ठरावे लागते. ती मराठीतून देता येते, हा आपल्या भागातील मराठी शाळेत शिकलेल्या मुलांना मोठाच आधार आहे. लेव्हल 1 चे सुरुवातीचे मूळ वेतन 18,000 असून भत्ते वेगळे.

तरीही माझे मत त्याला पाठवावे असेच आहे. डब्याखालचा अल्टरनेटर (वीज तयार करणारे यंत्र) उतरवणे, 110 व्होल्टच्या बॅटऱ्यांची निगा राखणे, मेगर हे मोजयंत्र लावून तारांचे इन्सुलेशन, म्हणजे वीजरोधक आवरण, तपासणे, हे काम वर्षभर अनुभवी मिस्त्रीच्या हाताखाली शिकायला मिळणे आणि शेवटची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय प्रमाणपत्र हाती येणे, याचा उपयोग रेल्वेत जागा न मिळाली तरी कारखान्यांत होतो.

पाटल्या मात्र घरातच राहू द्याव्यात. सोनेतारणाचे व्याज पहिल्या दिवसापासून चढते, आणि वर्षाअखेरीस मुलाच्या हाती प्रमाणपत्र असेल, पगार असेलच असे नाही. मग पाटल्या सोडवायच्या कशातून? पतसंस्थेत आपली 70,000 ची ठेव आहे, तिच्यातील 35,000 मोकळे करावेत: 18,000 तुटीसाठी आणि उरलेले 17,000, म्हणजे दोन महिन्यांचा खर्च, विद्यावेतन जमा व्हायला उशीर झाला तर हाताशी असावेत म्हणून मुलाच्या बचत खात्यात. बाकीच्या 35,000 ना वर्षभर हात लावू नये.