मिशन हॉस्पिटलच्या क्वार्टरमध्ये राहताना पुण्यात फ्लॅट घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा. नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी एका मिशन हॉस्पिटलमध्ये पती (४३) सर्जन आणि पत्नी (३९) नर्सिंग स्कूलमध्ये शिकवतात. नोकरीला तेरा वर्षं झाली. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १ लाख २ हजार, क्वार्टर फुकट. मुलगा तेरा वर्षांचा, नाशिकला हॉस्टेलवर. मुलगी आठ वर्षांची, घरी. पत्नीला आईच्या पश्चात १८ लाख रुपये मिळाले आहेत. भावाचं म्हणणं, 'ताबडतोब पुण्यात ६० लाखांचा फ्लॅट बुक करा, क्वार्टर काही जन्मभर तुमचं नाही.' रविवारच्या उपासनेनंतर मुलाचा फोन येतो. परवा त्याने विचारलं, "मम्मी, आपलं घर कुठलं?" तेव्हापासून झोप नाही, असं पत्रलेखिकेने लिहिलं आहे.

ताई, तुमची भीती अगदी खरी आहे. भावाने सुचवलेला उपाय मात्र तुमच्या घराला झेपणारा नाही. हा फ्लॅट आत्ता घेऊ नका.

आधी हिशेब बघू. ६० लाखांच्या फ्लॅटसाठी १५ लाख तुमचे आणि ४५ लाख कर्ज. पुण्यात स्टॅम्प ड्युटी ७ टक्के. फ्लॅट एकट्या तुमच्या नावावर घेतला तर महिलांची सवलत धरून ६ टक्के, म्हणजे ३ लाख ६० हजार. नोंदणीचे ३० हजार वेगळे. एकूण १८ लाख ९० हजार. आईने ठेवलेले सगळे पैसे पहिल्याच दिवशी संपतात आणि वर ९० हजार कमी पडतात. पुढे साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांच्या कर्जाचा हप्ता महिना ३९ हजार. भाडं १६ हजार आलं असं धरलं तरी दरमहा २३ हजारांची तूट. तुम्ही पाठवलेल्या खर्चाच्या यादीप्रमाणे घरखर्च ४२ हजार, मुलाचं हॉस्टेल आणि फी १८ हजार, दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग, चर्चला) १० हजार, संगमनेरला सासूबाईंना ६ हजार, जुन्या पॉलिसीचे ३ हजार. शिल्लक राहतात बरोबर २३ हजार. सोसायटीचा मेंटेनन्स, मालमत्ता कर, भाडेकरू मिळेपर्यंतचे रिकामे महिने यांना जागाच उरत नाही. मुलगा पाच वर्षांत बारावी होईल. त्या वर्षी तुमच्याकडे काय असेल? कर्ज, आणि ज्यात तुम्ही राहत नाही असा एक फ्लॅट.

'गृहकर्जाने टॅक्स वाचतो' हे भावाचं म्हणणंही तुम्हाला लागू होत नाही. नव्या करप्रणालीत पगारदाराला वर्षाला पावणेतेरा लाखांपर्यंत कर लागत नाही, आणि तुमचे दोघांचे पगार वेगवेगळे धरले तर ते त्याच्या बरेच खाली आहेत. जो कर भरायचाच नाही, तो वाचवणार कसा?

आकड्यांपेक्षा मला काळजी वेगळीच वाटते. असा हप्ता सुरू झाला की दोन-तीन वर्षांत डॉक्टरसाहेबांना पुण्याची नोकरी शोधावीच लागेल. तिथे पगार दुप्पट मिळेलही. तेरा वर्षं रात्री-अपरात्री सिझेरियनला उठणारा, सापाच्या विषाचे, क्षयाचे, रक्त कमी असलेल्या बाळंतिणींचे पेशंट सांभाळणारा माणूस हॉस्पिटल सोडणार असेल तर तो निर्णय तुम्ही चौघांनी बसून, प्रार्थनेत ठेवून घ्या. बँकेच्या हप्त्याने तो परस्पर घेऊ नये. पत्रात तुम्ही लिहिलंय की दोघांनाही इथेच राहायचं आहे. मग पैशाची मांडणी त्या इच्छेला धरून हवी.

पण 'देव बघून घेईल' म्हणून काहीच न करणं मला मान्य नाही. मिरजेचं मिशन हॉस्पिटल उभारणारे मिशनरी सर्जन डॉ. वॉनलेस १८८९ मध्ये भारतात आले, जवळपास चार दशकं राबले आणि १९२८ मध्ये अमेरिकेला परतले. त्यांच्यासारख्यांच्या पाठीशी मिशन बोर्ड होतं, मायदेशी रजा होती. परदेशी मिशनऱ्यांच्या मुलांसाठी १९०१ साली कोडाईकनालला खास शाळा निघाली. आज तेच काम करणाऱ्या भारतीय डॉक्टर-नर्सच्या कुटुंबामागे एवढी व्यवस्था नसते. पगार, घर, मुलीची शाळा, आजारपणातला उपचार, सगळं एकाच संस्थेवर. डॉक्टरसाहेबांना काही झालं तर दुःखाच्या त्याच महिन्यांत क्वार्टरचा प्रश्नही उभा राहील. तुमचा खरा धोका हा आहे आणि फ्लॅटने तो भागत नाही, कारण हप्ता भरणारेही तेच.

म्हणून पहिला खर्च टर्म इन्शुरन्सचा, म्हणजे ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाला तरच कुटुंबाला रक्कम देणाऱ्या साध्या विम्याचा. डॉक्टरसाहेबांचा एक कोटीचा, साठीपर्यंत. तुमचा पन्नास लाखांचा. आत्ताच्या पॉलिसीत फक्त पाच लाखांचं संरक्षण आहे, ते पुरत नाही. त्यांच्या वयाला, तंबाखू-सिगारेट नसेल तर, हप्ता वर्षाला साधारण वीस-पंचवीस हजारांच्या घरात बसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही. सोबत चौघांचा आरोग्यविमा घ्या. साधं दुखणं हॉस्पिटलमध्येच निभतं, पण हृदयाचं किंवा कॅन्सरचं काही निघालं तर नाशिक, सुरत नाहीतर वेल्लोर गाठावं लागणार. आणि डॉक्टरसाहेबांचा व्यावसायिक दायित्वाचा विमा, म्हणजे उपचारात चूक झाली म्हणून पेशंटने केस केली तर भरपाईचा भार उचलणारा. धर्मादाय हॉस्पिटल आहे, कोण केस करणार, असं समजू नका. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार जिथे काही पेशंट पैसे भरतात आणि काहींना फुकट उपचार मिळतात, तिथे फुकटवाले पेशंटही ग्राहक न्यायालयात जाऊ शकतात. हॉस्पिटलने डॉक्टरांसाठी हा विमा काढला आहे का, ते आधी विचारा. या सगळ्याला मिळून महिना सहा हजार बाजूला काढा.

आता १८ लाख. वारसा म्हणून आलेल्या या रकमेवर कर नाही. सहा लाख मुदतठेवीत ठेवा, पण एकाच बँकेत नको; ठेवीला विम्याचं संरक्षण एका बँकेत ५ लाखांपर्यंतच असतं. ओळखीच्या पतसंस्थेत तर मुळीच नको, तिथे हे संरक्षणही नाही. अचानक क्वार्टर सोडावं लागलं तर गावात भाड्याने राहून सहा-आठ महिने काढता येतील, एवढ्यासाठी ही रक्कम. उरलेले १२ लाख हा तुमचा घर-निधी. तो इंडेक्स फंड (शेअर बाजाराच्या निर्देशांकामागे चालणारा म्युच्युअल फंड) आणि डेट फंडात (कर्जरोख्यांचा फंड) विभागून वर्षभरात हळूहळू गुंतवा आणि त्यात दरमहा ७ हजारांची एसआयपी, म्हणजे ठरावीक मासिक गुंतवणूक, जोडा. सोळा वर्षांत सरासरी ७ टक्के मिळाले तर साधारण ६० लाख, ९ टक्के मिळाले तर ७७ लाखांच्या आसपास जमतील. बाजाराची हमी कोणी देत नाही, म्हणून मी ६० लाखच धरतो. आज ३० लाखांना मिळणारं संगमनेरसारख्या गावातलं घर दरवर्षी ५ टक्क्यांनी महागलं तर तेव्हा ६५ लाखांचं असेल. फरक ग्रॅच्युइटीतून, म्हणजे नोकरी सोडताना संस्थेकडून मिळणाऱ्या एकरकमी पैशातून, भरून निघतो. पुण्यातच घर का, हेही एकदा विचारा. निवृत्तीनंतर तुम्ही खरोखर तिथे राहणार आहात का? पत्रात पुण्याचं नाव फक्त भावाच्या तोंडी आहे.

महिन्याच्या २३ हजारांतून विमा आणि एसआयपी जाऊन उरलेल्या दहा हजारांतले सहा मुलाच्या शिक्षणासाठी आवर्ती ठेवीत टाका. पाच वर्षांचा अवधी शेअर बाजाराला थोडा. चार हजार मुलीच्या सुकन्या समृद्धी खात्यात. ती दहा वर्षांची व्हायच्या आत खातं उघडावं लागतं, तेव्हा पुढच्या महिन्यातच पोस्टात जा. दशांश आणि सासूबाईंचे पैसे मी कमी करायला सांगणार नाही. तो तुमच्या घराचा पाया आहे.

हॉस्पिटलच्या ऑफिसात मात्र काही गोष्टी लेखी विचारा, संकोच करू नका. पीएफ दरमहा खरंच जमा होतोय का, हे दोघांनी आपापल्या यूएएन (पीएफ खात्याचा क्रमांक) पासबुकात बघा. पीएफसोबतचं पेन्शन फार मोठं नसतं. १५ हजारांची कमाल मर्यादा धरून डॉक्टरसाहेबांना ५८ व्या वर्षी महिना सुमारे ६,४०० बसेल, त्यावर म्हातारपण निघणार नाही. बेसिक ४० हजार आणि १३ वर्षं धरली तर त्यांची ग्रॅच्युइटी आजच ३ लाख होते. तिची तरतूद संस्थेने कुठे केली आहे? आणि पगार पेशंटच्या फीमधून निघतो की परदेशी देणग्यांतून? २०२० मध्ये परदेशी निधीचे नियम कडक झाले, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. देणगीवर चालणाऱ्या कित्येक संस्थांना त्याची झळ बसली. पगार फीमधून निघत असेल तर तुमची नोकरी बरीच भक्कम समजा. देणगीतून निघत असेल तर मुदतठेव सहा लाखांऐवजी आठ लाखांची करा आणि घर-निधीची सुरुवात दहा लाखांनी करा.

टर्म इन्शुरन्सचा अर्ज या आठवड्यात भरा. फंडांची गडबड नाही, पुढच्या महिन्यात सुरू केलेत तरी चालेल. ऑफिसकडून उत्तरं आली की मला कळवा, त्यावरून मुलाच्या आवर्ती ठेवीची रक्कम वाढवता येते का ते पाहू.