उशीखालची पोळी

ताई, प्रतिपालक म्हणून, म्हणजे काही काळासाठी दुसऱ्याचं मूल घरी सांभाळायला आणाल, तेव्हा पहिल्या आठवड्यात त्याच्या उशीखाली पोळी सापडली तर रागावू नका. आमच्याकडे अशीच आलेली सहा वर्षांची पोर फडक्यात गुंडाळून ठेवायची. सकाळी खायला मिळेल याची खात्रीच नव्हती तिला. मी तिच्या हाताला लागेल असा लाडवांचा डबा ठेवला. म्हटलं, विचारायचं नाही, घ्यायचं. तीन महिन्यांनी उशीखाली काही निघेना.

जवळ घ्यायची घाई नको. एकदा केस विंचरताना तिने मान सैल सोडली, तेव्हा मला कळलं, आता जवळ घेतलं तर चालेल.

‘आई म्हण’ असा आग्रहही नको. २०१५ च्या बाल न्याय कायद्यातलं हे प्रतिपालकत्व तात्पुरतं असतं. अशा मुलांचे निर्णय घेणारी बाल कल्याण समिती मुलाला पुन्हा त्याच्या घरी पाठवू शकते. हे मुलाला आधीच, सोप्या शब्दांत सांगा. आणि जाताना त्याचा डबा सोबत द्या.