इंग्रजीखेरीज इतर भाषांतले रॉक संगीत इंग्रजीभाषक देशांत क्वचितच का रुजते?

माझ्या मते याचे मुख्य कारण श्रोत्यांच्या आवडीपेक्षा वितरणव्यवस्थेत आहे: अमेरिका आणि ब्रिटनमध्ये इंग्रजी रॉकचा पुरवठाच इतका विपुल होता, की अन्य भाषेतले गाणे वाजवण्याची जोखीम रेडिओ केंद्रांनी सहसा पत्करली नाही. म्हणूनच स्कॉर्पियन्स या जर्मन बँडने आरंभापासून इंग्रजी स्वीकारली. नेना या बँडचे फुग्यांवरचे युद्धविरोधी जर्मन गाणे १९८४ मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले खरे, पण ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक मिळाला तो त्याच्या इंग्रजी आवृत्तीला. भाषा हा अभेद्य अडसर नाही, हे मात्र राम्स्टाइनने ठामपणे दाखवून दिले. मुख्यतः जर्मनमध्येच गाणाऱ्या या बँडने आगीच्या भव्य रंगमंचीय प्रयोगांच्या बळावर अमेरिकेतली मोठमोठी स्टेडियम भरवली.